यहूदी विद्यालयांतील धर्मविद्या व लौकिक विद्या

गेल्या सहामाही परीक्षेच्या सुमारास एक सुविद्य पालक मला शाळेंत भेटावयास आले. मुलगा हुशार, परंतु गणितांत किंचित् मागें. कुशलप्रश्न झाल्यावर ते संकोचानेंच म्हणाले, “मास्तर, रागावूं नका; पण पवित्र शास्त्राचा जो तास आहे तो परीक्षा होईपर्यंत गणिताला दिला तर चालणार नाहीं काय? शास्त्र काय, घरींहि वाचतां येतें.” मीं त्यांस कांहींतरी उत्तर दिलें व ते निघून गेले. परंतु तें उत्तर माझें मलाच पटलें नाहीं.

धर्माचा अभ्यास आणि संसारास लागणाऱ्या विद्यांचा अभ्यास एकाच शाळेंत, एकाच मुलाच्या अंतःकरणांत, कसा नांदवावा, हा प्रश्न कांहीं आपल्याच शाळेचा नाहीं. या प्रश्नाशीं फार काळापासून व मोठ्या कसोशीनें झुंजत आलेला एक समाज जगांत आहे, तो म्हणजे यहूदी समाज. त्यांच्या विद्यालयांत ही सांगड कशी घातली जाते, तींत अडचणी कोणत्या येतात व त्यांतून आपणांस घेण्यासारखें काय आहे, हें आज विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या आईबापांस थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम कांहीं शब्दांचा अर्थ सांगितला पाहिजे. ‘तोरा’ म्हणजे मोशेचे पांच ग्रंथ, ज्यांस आपण नियमशास्त्र म्हणतों. पिढ्यान्‌पिढ्या तोंडीं चालत आलेले धर्मनियम इ. स. २०० च्या सुमारास एकत्र करण्यांत आले; त्या संग्रहास ‘मिश्ना’ म्हणतात. मिश्नेवर पुढील कित्येक शतकें विद्वानांनीं जो खल केला, तो त्यांतील शंका, आक्षेप व उत्तरें यांसह ज्या विस्तीर्ण ग्रंथांत सांठविला आहे, त्याचें नांव ‘तालमूद’. यहूदी मुलाचें धर्मशिक्षण म्हणजे या तीन पायऱ्या चढणें होय. जुन्या वचनाप्रमाणें पांचव्या वर्षीं शास्त्र, दहाव्या वर्षीं मिश्ना, तेराव्या वर्षीं आज्ञापालनाची जबाबदारी व पंधराव्या वर्षीं तालमूद, असा हा क्रम ठरलेला आहे.

विद्येची ही चाड फार जुनी आहे. तालमुदांत असें सांगितलें आहे कीं, यहोशवा बेन गमला नांवाच्या मुख्य याजकानें गांवोगांवीं शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांस शाळेंत घालण्याची व्यवस्था लावून दिली. त्याच ठिकाणीं वर्गाचा नियमहि दिला आहे: एका शिक्षकाकडे पंचवीस मुलें असावीं; चाळीस झालीं तर त्याला मदतनीस द्यावा; पन्नास झालीं तर दोन शिक्षक नेमावे. आपल्या शाळेंतील बांकें मोजून पाहणाऱ्या पालकांस हा नियम खचित आवडेल! आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बापानें मुलास नियमशास्त्र तर शिकवावेंच, पण त्याला एखादा धंदाहि शिकवावा, असें त्याच तालमुदाचें सांगणें आहे. आणि कित्येकांच्या मतें पोहावयासहि शिकवावें. धंदा न शिकविणारा बाप मुलाला चोरीच शिकवितो, इतक्या कडक शब्दांत एका गुरूनें ताकीद दिली आहे. तेव्हां पोटाची विद्या व पुण्याची विद्या यांमध्यें वैर आहे, अशी मूळची समजूत नव्हती. बाराव्या शतकांत होऊन गेलेले मायमॉनिडीझ हे धर्मनियमांचे थोर संग्राहक होते आणि मिसर देशांतील नामांकित वैद्यहि होते.

मग वैर आलें कोठून? युरोपांत कित्येक शतकें यहूदी लोकांस शहरांच्या कोंडलेल्या मोहल्ल्यांत राहावें लागे. बाहेरच्या विद्यालयांचीं दारें त्यांस बहुधा बंद, म्हणून आंतील पाठशाळांत केवळ धर्मविद्या चाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस हीं दारें थोडथोडीं उघडूं लागलीं. १७७८ मध्यें बर्लिन येथें यहूदी मुलांकरितां नव्या धर्तीची मोफत शाळा निघाली. १७८२ मध्यें ऑस्ट्रियाचा बादशहा दुसरा जोसेफ यानें व्हिएन्ना व त्या प्रांतांतील यहूद्यांस कांहीं सवलती देणारा जाहीरनामा काढिला, आणि त्याच वर्षीं नाफ्ताली हर्ट्‌झ वेस्ली या पंडितानें, भाषा, गणित, भूगोल व शिष्टाचार हीं मनुष्यमात्राची विद्या असून धर्मविद्येच्या अगोदर तिचा पाया घातला पाहिजे, असें प्रतिपादन केलें. त्यावर अनेक धर्मगुरूंनीं मोठें वादळ उठविलें. त्यांची भीति निराधार होती असें म्हणतां येत नाहीं. कारण नव्या शाळांतून धर्मविषयाचा वांटा हळूहळू आटत गेला व कित्येक घराण्यांतील नातवंडें आजोबांची प्रार्थना वाचण्यास असमर्थ झालीं.

दुसऱ्या टोकाचें उदाहरण रशियाच्या साम्राज्यांतील वोलोझिन येथील पाठशाळेचें. तालमुदाच्या अध्ययनाकरितां तिची कीर्ति सर्वत्र पसरली होती. सरकारनें तिच्यावर लौकिक विषयांच्या व वेळापत्रकाच्या अशा अटी लादल्या कीं, त्या पाळल्यास तालमुदाला दिवसांत जागाच उरूं नये. शेवटीं १८९२ मध्यें ती नामांकित पाठशाळा बंद पडली. म्हणजे एकीकडे शाळा वाचते पण धर्म जातो, आणि दुसरीकडे धर्म राखतांना शाळाच जाते, असा हा पेंच होता. ज्या बापाला आपल्या मुलानें धर्म सोडूं नये व उपाशीहि राहूं नये असें वाटत होतें, त्यानें काय करावें?

या पेंचांतून वाट काढणाऱ्यांत जर्मनींतील रब्बी सॅमसन राफाएल हिर्श यांचें नांव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म १८०८ मध्यें हँबुर्ग येथें झाला. त्यांनीं धर्मविद्येबरोबर बॉन येथील विद्यापीठांतहि कांहीं काळ अध्ययन केलें होतें. १८५१ मध्यें ते फ्रँकफुर्ट येथील एका लहानशा धर्मनिष्ठ मंडळीचे गुरु झाले व १८५३ मध्यें त्यांनीं तेथें शाळा उघडली. ‘तोरा इम देरेख एरेत्स’, म्हणजे नियमशास्त्र आणि त्याबरोबर लोकव्यवहार, हें त्यांचें ब्रीद. त्यांच्या शाळेंत इब्री भाषा व शास्त्र यांच्या बरोबरीनें जर्मन भाषा, गणित, इतिहास, भूगोल व सृष्टिविज्ञान हे विषय शिकविले जात. आणि मुलांप्रमाणें मुलींच्या शिक्षणाचीहि सोय होती. १८५९ मध्यें जर्मन कवि शिलर याची जन्मशताब्दी आली, तेव्हां हिर्श यांनीं आपल्या शाळेंत ती साजरी केली व स्वतः भाषण केलें. एका कर्मठ धर्मगुरूनें परधर्मीय कवीचा असा गौरव करावा, याचें तेव्हां कित्येकांस नवल वाटलें असेल. परंतु हिर्श यांची दृष्टि अशी होती कीं, सृष्टि ज्याची त्याचेंच शास्त्र. मग सृष्टीचें ज्ञान शास्त्राला परकें कसें होईल? १८७७ पर्यंत त्यांनीं स्वतः ती शाळा चालविली व पुढें त्यांचे पुत्र मेंडेल हिर्श मुख्याध्यापक झाले. अर्थात् दोष दाखविणारेहि होते. तेथें तालमुदाला फार थोडा वेळ मिळतो, असें पूर्व युरोपांतील पंडित म्हणत, व त्यांत तथ्यांश होता.

दुसरी पद्धति अमेरिकेंत आकारास आली. विसाव्या शतकाच्या आरंभीं पूर्व युरोपांतून लक्षावधि यहूदी न्यूयॉर्क शहरांत येऊन उतरले. बाप कपडे शिवण्याच्या कारखान्यांत राबे. मुलानें इंग्रजी शिकून वर यावें ही त्याची आशा. सरकारी हायस्कूल मोफत होतें; परंतु तेथें गेलेला मुलगा धर्मविद्येस बहुधा अंतरे. अशा वेळीं लिथुआनियांत जन्मलेले बर्नार्ड रेव्हेल हे १९१५ मध्यें तेथील रब्बी आयझॅक एल्खानन पाठशाळेचे प्रमुख झाले. त्यांनीं १९१६ मध्यें तिला जोडून ‘तालमुडिकल ॲकॅडमी’ नांवाचें हायस्कूल काढिलें. तालमूद व हायस्कुलाचा संपूर्ण अभ्यासक्रम एका छपराखालीं देणारें अमेरिकेंतील हें पहिलें विद्यालय मानतात. त्यांतूनच १९२८ मध्यें कॉलेज निघालें व पुढें येशिव्हा विद्यापीठ उभें राहिलें. मुलींसाठीं त्याच संस्थेनें १९४८ मध्यें ब्रुक्लिन येथें हायस्कूल उघडलें. मुलींच्या धर्मशिक्षणाचा विषय निघाला आहे, तर पोलंडांतील सारा शेनीरेर यांचें नांव घेतलेंच पाहिजे. शिवणकामावर निर्वाह करणाऱ्या या बाईंनीं १९१७ मध्यें क्राकाव येथें मुलींची एक लहानशी शाळा सुरू केली व तिच्या पुढें कितीतरी शाखा झाल्या.

न्यूयॉर्कच्या पद्धतींत दिवसाचे दोन भाग केलेले असतात. सकाळीं प्रार्थना होते; तेरा वर्षांवरील मुलगे शास्त्रवचनें ठेवलेल्या लहान पेट्या चामड्याच्या पट्ट्यांनीं दंडावर व कपाळावर बांधून तीस बसतात. त्यानंतर दुपारपर्यंत तालमूद व शास्त्र. भोजनोत्तर इंग्रजी, बीजगणित, पदार्थविज्ञान, इतिहास इत्यादि. तें संपावयास संध्याकाळचे पांच-सहा वाजतात. शुक्रवारीं मात्र शाळा लवकर सुटते, कारण सूर्यास्ताबरोबर शब्बाथ लागतो. शब्बाथ दिवशीं लेखणीहि हातांत धरावयाची नाहीं; मग परीक्षा कितीहि जवळ आलेली असो. याच्या भरपाईसाठीं अनेक शाळांत रविवारीं सकाळींहि वर्ग भरत. लौकिक विषयांत कोणतीहि सूट नाहीं. इतर शाळांतील मुलें देतात तीच राज्याची परीक्षा यांनींहि द्यावयाची.

धर्माचा तास म्हटला म्हणजे गुरुजी बोलत आहेत व मुलें मुकाट्यानें ऐकत आहेत, असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें येतें. येथें तसें नाहीं. तालमुदाच्या पानाच्या मध्यभागीं मूळ ग्रंथ छापलेला असतो; आंतल्या बाजूस अकराव्या शतकांतील फ्रान्समधील राशी या टीकाकाराचा अर्थ, व बाहेरच्या बाजूस नंतरच्या विद्वानांचे आक्षेप. म्हणजे एकाच पानावर शेंकडों वर्षांचा वाद चाललेला असतो! मुलें दोघे-दोघे समोरासमोर बसून तें पान वाचतात. या जोडीला ‘हावरूता’, म्हणजे सोबत, असें नांव आहे. एकानें अर्थ सांगावयाचा, दुसऱ्यानें तो खोडावयाचा. एकानें पुरावा मागावयाचा, दुसऱ्यानें तो पानांतून काढून दाखवावयाचा. आपल्याकडे वर्गांत गलका झाला कीं अभ्यास थांबला असें समजतात. तेथें गलका थांबला तर गुरुजी चष्म्यावरून पाहतात! सकाळीं चार तास असा युक्तिवाद केलेल्या मुलाची बुद्धि दुपारीं भूमितीच्या सिद्धांतांत चालली, तर त्यांत आश्चर्य तें काय?

दोन्ही विद्यांची गांठ कशी पडते, याचीं दोन उदाहरणें देतों. पहिलें पंचांगाचें. यहूद्यांचे महिने चंद्रावर चालतात, परंतु वल्हांडण सण वसंत ऋतूंतच आला पाहिजे अशी शास्त्राज्ञा आहे. चंद्राच्या बारा महिन्यांचे सुमारें ३५४ दिवस. सूर्याचें वर्ष सुमारें ३६५ दिवसांचें. हें अंतर भरून काढण्यासाठीं ते एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालतात. आपल्याकडील अधिक मास ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही युक्ति समजावयास उशीर लागणार नाहीं. विद्यार्थ्यांनीं पाटीवर हिशेब करून पाहावा: १९ ला १२ नें गुणून ७ मिळविले म्हणजे २३५ महिने होतात, आणि त्यांचे दिवस एकोणीस सौर वर्षांच्या दिवसांशीं जवळजवळ तंतोतंत जुळतात. अंकगणितावांचून सण येत नाहीं तो असा.

दुसरें उदाहरण आपल्याच पवित्र शास्त्रांतील आहे. १ राजे ७:२३ येथें शलमोनाच्या मंदिरांतील पितळी गंगाळसागराचें माप दिलें आहे: रुंदी दहा हात, घेर तीस हात. सकाळीं मुलगा हें वाचतो, आणि दुपारीं भूमितीचे शिक्षक सांगतात कीं, दहा हात व्यासाच्या वर्तुळाचा घेर एकतीस हातांहून थोडा अधिक भरतो. आतां खरें कोण? या ठिकाणीं दुबळा शिक्षक, शास्त्राच्या तासाला गणित काढूं नकोस, म्हणून मुलाला गप्प बसवील. परंतु हा प्रश्न तालमुदांत पूर्वींच चर्चिलेला आहे. आणि मायमॉनिडीझ यांनीं आपल्या टीकेंत स्पष्ट लिहिलें आहे कीं, व्यास व घेर यांचें प्रमाण पूर्णपणें अंकांत मांडतांच येत नाहीं, म्हणून व्यवहारासाठीं पूर्णांक घेतला. शंका विचारणें हें पाप नव्हे, हा धडा मुलाला येथें मिळतो, व तो गणिताच्या धड्याहून लहान नाहीं.

सर्वच शंका इतक्या सहज मिटतात असें मात्र नाहीं. इब्री कालगणनेचें ५७०० वें वर्ष १९३९ च्या शरद् ऋतूंत सुरू झालें. ही गणना सृष्टीच्या उत्पत्तीपासून धरतात. तर भूगर्भशास्त्र पृथ्वीचें वय कोट्यवधि वर्षांचें सांगतें. कोणी म्हणतात, उत्पत्तीचे दिवस आपल्या दिवसांसारखे नव्हते. कोणी म्हणतात, शास्त्र हें भूगर्भाचें पुस्तकच नव्हे. आणि कोणी तो धडाच टाळतात. डार्विनच्या मतासंबंधीं हिर्श यांनीं असा अभिप्राय दिला होता कीं, तें मत उद्यां सर्वमान्य झालें तरी ईश्वराविषयींचा आदर कमी न होतां वाढावयासच पाहिजे. उत्तर कोणतेंहि असो, तो प्रश्न वर्गांत विचारूं दिला जातो कीं दाबला जातो, यावर मुलाचें पुढील आयुष्य पुष्कळ अवलंबून असतें.

याखेरीज रोजच्या अडचणी आहेतच. दिवस लांबतो, खेळ मागें पडतो, दुपारचे शिक्षक म्हणतात मुलें थकून येतात. खर्च दुहेरी, आणि तो बहुतेक पालकांच्या खिशांतून. पण सर्वांत मोठी अडचण निराळीच आहे. सकाळचे शिक्षक व दुपारचे शिक्षक एकमेकांस ओळखत नसले, किंवा ओळखूनहि एकमेकांच्या विषयास हलकें लेखीत असले, तर मुलाच्या मनाचेहि दोन कप्पे होतात. सकाळचा मुलगा निराळा व दुपारचा निराळा. वेळापत्रकांत दोन विद्या शेजारीं मांडणें सोपें आहे. त्या एका माणसांत एकत्र झालेल्या मुलाला दिसल्या पाहिजेत.

या विषयाचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशीं जोडलेला आहे. कोंकणांतील बेने इस्राएल समाज मराठी बोलणारा. तेलाचा धंदा करून शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकन मिशन व स्कॉटिश मिशन यांच्या शाळांत त्यांचीं मुलें शिकत. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें मराठींतून इब्री व्याकरण छापलें. मिशनऱ्यांचा हेतु त्यांस ख्रिस्ताकडे आणण्याचा होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु घडलें असें कीं, फारच थोडे ख्रिस्ती झाले, आणि पुष्कळांनीं त्या इब्रीच्या साह्यानें आपलीच प्रार्थना व आपलेंच शास्त्र अधिक समजून घेतलें. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनीं प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें केलीं. १८७५ मध्यें हाइम सॅम्युएल केहिमकर यांनीं आपल्या समाजासाठीं मुंबईंत शाळा काढिली. मराठी व इंग्रजीबरोबर तेथें इब्रीहि शिकवीत. माझगांवची ही शाळा पुढें सर एली कदूरी यांच्या नांवानें प्रसिद्ध झाली. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येनें इस्राएल देशास गेले, व आज त्या शाळेंतील बहुसंख्य मुलें इतर धर्मांचीं आहेत. शिकविणारा पेरतो एक व उगवतें दुसरें. पण विद्या पेरलेली वायां जात नाहीं.

फ्रँकफुर्टच्या शाळेचा शेवट सांगावयाचा राहिला. नाझी राजवटींत, १९३९ मध्यें, ती बंद पडली. शिक्षक व विद्यार्थी देशोधडीस लागले. कित्येक जिवास मुकले. परंतु हिर्श यांचे नातू रब्बी जोसेफ ब्रॉयर न्यूयॉर्क येथें पोंचले, व त्यांच्या मंडळीनें १९४४ मध्यें तेथें आजोबांच्या नांवानें नवी शाळा उघडली. सर्वस्व गेलेल्या माणसांनीं परक्या देशांत जीं कामें प्रथम हातीं घेतलीं, त्यांत शाळा होती. आणि तींत पुनः दोन्ही विद्या होत्या.

आतां त्या पालकांस माझें उत्तर. महाशय, आपल्या प्रश्नाचा मला राग आला नव्हता. मला लाज वाटली होती. कारण परीक्षा जवळ आली म्हणजे शास्त्राच्या तासांत राहिलेलें व्याकरण उरकून घेण्याचें काम मीं स्वतः कितीदां तरी केलें आहे. ज्या तासाला प्रश्न नाहीं, पुरावा नाहीं, घरचा अभ्यास नाहीं व शिक्षकाची तयारी नाहीं, तो तास काढून टाकावा असें आपणांस वाटलें, तर दोष आपला नव्हे. आमच्या व यहूद्यांच्या श्रद्धेंत मोठें अंतर आहे. तथापि जें आपण पवित्र म्हणतों तें गणिताइतक्याच कष्टानें शिकावें व शिकवावें, हें त्यांच्यापासून घेण्यास कोणती हरकत आहे?

म्हणून शास्त्राचा तास मी देणार नाहीं. परंतु आपल्या चिरंजीवास गणितासाठीं शाळा सुटल्यावर माझ्याकडे पाठवावें. आणि शास्त्राच्या तासाला येतांना त्यानें निदान एक तरी शंका बरोबर आणावी. उत्तर शोधून ठेवण्याची जबाबदारी माझी.